अलिबाग ते कोर्लई, एका दिवसात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी संपली की फोन सुरू होतात. "एकच दिवस आहे, समुद्र बघायचाय, मुलांना थोडा इतिहासही दाखवायचाय, काय करू?" माझे आजोळ थळचे. त्यामुळे अलिबागच्या खालच्या अंगाची ही किनारपट्टी मी लहानपणापासून पायी, सायकलवर आणि एसटीने फिरलो आहे. त्या फोनांवर दिलेली उत्तरे इथे एकत्र लिहिली आहेत.

नेमका मार्ग कोणता?

अलिबाग, अक्षी, नागाव, चौल, रेवदंडा आणि कुंडलिका खाडीवरचा साळावचा पूल ओलांडून कोर्लई. अलिबागपासून कोर्लईपर्यंत जेमतेम २२-२४ किलोमीटर. या पट्ट्याला अष्टागर म्हणतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना नारळ-सुपारीच्या वाड्या, मधूनच भातखाचरे, आणि समुद्र बहुतेक वेळ वाडीआड. दिसत नाही, पण वारा आला की कळतो. अंतर थोडे असले तरी दिवस पुरतो-न पुरतो, कारण दर तीन-चार किलोमीटरवर थांबावेसे वाटते.

कोणत्या दिवशी निघावे? शनिवारी की रविवारी?

आधी तिथी बघा, मग वार. सगळ्यात महत्त्वाचे उत्तर हेच आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

अलिबागचा कुलाबा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येते, भरतीला चारी बाजूंनी पाणी असते. म्हणजे सकाळी आठच्या सुमारास तुम्ही किनाऱ्यावर पोहोचलात आणि तेव्हाच भरती असेल, तर दिवसाची सुरुवातच ताटकळत होते. सुट्टीच्या दिवशी आलेली निम्मी मंडळी अशीच पाण्याकडे बघत उभी असतात.

आमच्याकडचा हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती. तिच्या साधारण सव्वासहा तास आधी, सकाळी नऊच्या आसपास, पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर आकडा पुन्हा एकपासून मोजायचा. हा हिशोब पंधरा-वीस मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने इकडेतिकडे होतो, म्हणून आदल्या दिवशी भरती-ओहोटीचे छापील किंवा मोबाइलवरचे वेळापत्रकही बघून घ्या. पण महिनाभर आधी सुट्टी ठरवायला भिंतीवरचे कॅलेंडर पुरते.

यात आणखी एक मेख आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी खूप चढते आणि तितकेच खाली जाते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी चढतही फार नाही, उतरतही फार नाही. अष्टमीला ओहोटी भर दुपारी येते खरी, पण किल्ल्याच्या वाटेवर पाणी पुरते हटत नाही. द्वितीया ते पंचमी हे दिवस उत्तम. ओहोटी सकाळी सव्वासात ते साडेनऊच्या दरम्यान येते आणि उधाण नुकतेच सरत असल्याने वाटही चांगली उघडते. शुक्ल पक्षातली असो वा कृष्ण पक्षातली, दोन्ही चालतात.

किल्ल्यात किती वेळ थांबता येते?

पूर्ण ओहोटीच्या साधारण तास-दीड तास आधी निघावे आणि ओहोटीनंतर तासाभरात परत किनाऱ्यावर यावे. एकदा मी सोबतच्या पाहुण्यांच्या आग्रहाखातर तटावर अर्धा तास जास्त रेंगाळलो. परतताना पाणी आधी पोटऱ्यांना, मग मांड्यांना लागले, आणि हातातला मुलगा घाबरून रडू लागला. समुद्र धावत येत नाही, पण तो मागूनही येतो. पुढची वाळू कोरडी दिसते आणि मधल्या खोलगट जागेत पाणी भरलेले असते. तिथल्या घोडागाडीवाल्याने किंवा कोळी माणसाने "आता निघा" म्हटले, की वाद न घालता निघावे.

किल्ल्यात बघण्यासारखे काय आहे?

आधी तटाचे दगड बघा. काळ्या पाषाणाचे मोठमोठे चिरे नुसते एकमेकांवर रचले आहेत, मध्ये चुना नाही. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तिथेच जिरतो. किल्ल्याच्या उत्तरेला सर्जेकोट नावाचा धाकटा कोट आहे. दोहोंच्या मध्ये दगडांचा बांध आहे, त्यावरून ओहोटीला जाता येते.

किल्ल्याचे काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये हाती घेतले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे कान्होजी आंग्र्यांनी इथूनच मराठ्यांचे आरमार चालवले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज एकत्र येऊन कुलाब्यावर चालून आले, तरी त्यांना किल्ला घेता आला नाही. वाळूवर उभे राहून तटाकडे बघितले की कारण समजते. वेढा घालणाऱ्याला दिवसातून दोनदा समुद्र मागे ढकलतो.

आतला गणपती राघोजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेल्या देवळात आहे. शेजारी पुष्करणी आणि गोड्या पाण्याची विहीर. चारी बाजूंनी खारे पाणी असताना ही विहीर गोडी कशी, हे मुलांना जरूर विचारा. पावसाचे मुरलेले पाणी हलके असते, ते खाऱ्या पाण्याच्या वर तरंगून राहते.

उत्तर तटावर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या दोन तोफा आहेत. सगळे त्यांच्यासोबत कान्होजींच्या तोफा म्हणून फोटो काढतात. त्यांच्यावरचा मजकूर वाचा. त्या इंग्लंडमधल्या यॉर्कशायरच्या लो मूर कारखान्यात १८४९ मध्ये ओतलेल्या आहेत. कान्होजी १७२९ मध्ये वारले आणि आंग्र्यांचे संस्थान १८४० मध्ये इंग्रजांनी खालसा केले. म्हणजे या तोफा आंग्र्यांनंतरच्या. मला त्या बघताना दर वेळी वाईट वाटते, पण खरे आहे तेच मुलांना सांगावे.

अलिबाग गावात थांबायचे का?

कान्होजींच्या समाधीसाठी तरी थांबा. बाजारापासून लांब नाही आणि तिथे गर्दी नसते. हिराकोट किल्ल्यात तुरुंग असल्याने तो बाहेरूनच दिसतो.

किनाऱ्याजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालायची. विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्या मोजणीत बिघाड होणार हे उघड झाले आणि १९०४ मध्ये वेधशाळा इथे आली. इमारती बांधताना लोखंड वापरले नाही. आत सहसा जाता येत नाही, पण बाहेरून जाताना मुलांना एवढे सांगितले तरी पुरे.

मुंबईहून बोटीने यावे की गाडीने?

गेटवेहून मांडव्याला बोट, पुढे सुमारे २० किलोमीटर अलिबाग. बोटीच्या तिकिटातच पुढची बस बहुधा धरलेली असते. स्वतःची गाडी हवी असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे, २०२० पासून. तासाभरात गाडीसकट पलीकडे. रस्त्याने पेण-वडखळमार्गे साधारण १०० किलोमीटर, पण वडखळच्या आसपास किती वेळ जाईल सांगता येत नाही. पुणेकरांना खोपोली-पेण हाच मार्ग.

बोटीने येणाऱ्यांनी पंचमी किंवा षष्ठी धरावी. सकाळच्या पहिल्या बोटीने आलात तरी अलिबागला पोहोचेपर्यंत नऊ-साडेनऊ होतात.

अलिबागपुढे रेवदंडा-मुरूडच्या एसट्या आहेत, मिनीडोर म्हणजे मोठ्या रिक्षा आहेत. सहा-सात जण असाल तर दिवसभरासाठी मिनीडोरच ठरवा. भाडे आणि थांबे आधी बोलून घ्या.

वाटेत पक्षी दिसतात का?

दिसतात, पण जागा आणि वेळ साधली तर. जागा अक्षी, वेळ भरती चढू लागल्यावरची, आणि महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ओहोटीला पक्षी लांबवर पसरलेले असतात. पाणी चढू लागले की ते वाळूच्या उरलेल्या पट्ट्यावर दाटीने येतात. कुरव, सुरय, चिखल्या, सगळे वाऱ्याकडे तोंड करून. कुलाबा उरकून साडेदहा-अकराला अक्षीला आलात तर नेमकी ही वेळ मिळते. दुर्बीण असेल तर घ्या, आणि कृपा करून थव्यात पळत जाऊन त्यांना उडवू नका. कित्येक पक्षी हजारो किलोमीटरवरून इथे पोट भरायला आलेले असतात. प्रत्येक उड्डाणात त्यांचे कमावलेले बळ खर्च होते.

मांडव्याहून येताना किहीम लागते. डॉ. सालिम अली यांनी १९३० च्या सुमारास तिथेच सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला. नर अर्धवट घरटे विणतो, मादी येऊन पसंत करते, मग तो ते पुरे करून दुसरे विणायला घेतो, हे त्यांनी इथे बसून टिपले.

अक्षीचा शिलालेख म्हणजे काय?

मराठीतल्या सर्वांत जुन्या लेखांपैकी एक. कोकणावर राज्य करणाऱ्या शिलाहार घराण्यातल्या केसिदेव राजाच्या काळातला. त्यावरचा शक ९३४, म्हणजे इ.स. १०१२, असा वाचला जातो आणि तसे असेल तर तो मराठीतला आद्य शिलालेख ठरतो. काही अभ्यासक तो पुढच्या काळातला मानतात. वरच्या अंगाला सूर्य-चंद्र आणि खाली गद्धेगाळ. दान मोडणाऱ्याला दिलेली ही दगडी शिवी. हजारेक वर्षांपूर्वी समुद्राकाठच्या या गावात कुणीतरी आपल्या भाषेत दगडावर अक्षरे कोरली, हे वाचताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. त्यावर हात फिरवू नका. अक्षरे आधीच झिजली आहेत.

चौलला बघण्यासारखे काही उरले नाही म्हणतात. ते टाळून थेट रेवदंड्याला जाऊ का?

नाही. माझ्या यादीतून एकच ठिकाण ठेवायचे म्हटले तर मी चौल ठेवीन.

वरवर बघितले तर वाड्या, देवळे, तळी आणि झाडीत हरवलेले काही पडके बांधकाम, एवढेच दिसते. पण प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमीच्या ग्रंथात ज्या बंदराचे नाव सिमुल्ला आहे ते हेच. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांमध्ये चेमूलची माणसे आहेत, तीही इथलीच. अरबांनी याला सैमूर म्हटले. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अल-मसूदी हा अरब प्रवासी इथे येऊन गेला. सैमूरमध्ये सुमारे १० हजार मुसलमान राहतात आणि राजा झंझ आहे, असे त्याने लिहून ठेवले. झंझ म्हणजे आपला शिलाहार झंझ. परदेशातून घोडे यायचे, इथून कापड जायचे, आणि चौलच्या रेशमाला दूरवर नाव होते.

१४६९ च्या सुमारास रशियातल्या त्वेर शहरचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी इथे उतरला. वास्को द गामाच्या तीसेक वर्षे आधी. विकण्यासाठी त्याने एक घोडा आणला होता. तो घेऊन तो जुन्नरला गेला आणि तिथल्या खानाने घोडा काढून घेतला. धर्म बदल तर घोडा परत देतो, अशी अट घातली. कुणीतरी मध्ये पडल्याने त्याची सुटका झाली. आपला पावसाळा, चिखल, लोकांचे कपडे आणि खाणे, सगळे त्याने टिपून ठेवले. रेवदंड्यात त्याचे स्मारक आहे. तिथे थांबणारे फार कमी.

उन्हाच्या वेळी चौलच्या रामेश्वराच्या देवळात बसा. समोर मोठी पुष्करणी, आत लाकडी खांबांचा मंडप, आणि फरशीखाली झाकलेली कुंडे. त्यांतले पर्जन्यकुंड पाऊस फारच लांबला तर उघडायची प्रथा आहे. पाय चालत असतील तर भोवाळ्याच्या टेकडीवर दत्ताचे देऊळ आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, वर गेल्यावर वाड्यांचा हिरवा पट्टा आणि त्यापलीकडे समुद्र एका नजरेत येतो. दत्तजयंतीपासून काही दिवस तिथे मोठी जत्रा भरते. त्या दिवसांत जत्रेसाठीच या, बाकी बेत सोडून द्या.

रेवदंड्याचा किल्ला कुठून सुरू होतो? आम्हाला सापडलाच नाही.

तुम्ही त्यातूनच गेला असाल. सगळे गावच किल्ल्यात आहे आणि गाडीरस्ता तट फोडून आत शिरतो. पोर्तुगीजांना १५२१ मध्ये अहमदनगरच्या निजामशहाकडून इथे कोट बांधायची परवानगी मिळाली. त्याआधी, १५०८ मध्ये, याच खाडीच्या तोंडाशी इजिप्त आणि दीवच्या आरमारांनी मिळून पोर्तुगीजांना हरवले होते. गोव्यात पुढे पक्के बसलेल्या पोर्तुगीजांचा हा हिंदी समुद्रातला मोठा पराभव. व्हाइसरॉयचा मुलगा लॉरेन्सो द आल्मेदा त्यात पडला. १५७०-७१ मध्ये निजामशहाने कोटाला वेढा घातला, तोही निभला. शेवटी १७४० मध्ये, वसईनंतर वर्षभराने, चौल-रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांकडे आले.

वाड्यांमध्ये शिरून सातखणी बघा. फ्रान्सिस्कन मठाच्या चर्चचा हा मनोरा. सात मजले होते म्हणून सातखणी, आज चार उभे आहेत. आजूबाजूला छप्पर उडालेली चर्चे, कमानींवर वडाची मुळे. जागा बऱ्याच ठिकाणी खासगी वाडीतून जाते, तेव्हा आधी विचारा. इथली माणसे सहसा नाही म्हणत नाहीत. समुद्राच्या बाजूला तटालगत काळसर वाळूची पुळण आहे.

कोर्लईचा चढ आजी-आजोबांना झेपेल का?

गुडघे ठीक असतील तर हळूहळू झेपेल. पायथ्याच्या दीपगृहाच्या मागून पायऱ्या निघतात आणि तिथून वर जायला बहुतेकांना वीस-पंचवीस मिनिटे पुरतात. न झेपणाऱ्यांनी दीपगृहाजवळच थांबावे, समुद्र तिथूनही तितकाच मोठा दिसतो.

हा किल्ला खाडीच्या तोंडाशी समुद्रात घुसलेल्या डोंगराच्या दांडावर आहे, लांबट आणि अगदी अरुंद. वर उभे राहिले की एका हाताला कुंडलिका खाडी आणि रेवदंडा, दुसऱ्या हाताला उघडा समुद्र. खाडीत शिरणारे प्रत्येक जहाज या डोंगराच्या नजरेखालून जाणार, म्हणूनच त्याच्यासाठी एवढी भांडणे झाली. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशहाकडून घेतला. एकामागून एक दरवाजे, पोर्तुगीज लेख, पाण्याचे टाके, पडके चर्च, तोफा. गवत वाढलेले असते, बूट घाला. सूर्यास्त वरून बघायचा मोह होतो, पण पायऱ्यांवर दिवे नाहीत. सूर्य टेकायच्या आधी उतरायला लागा.

कोर्लई गावात लोक पोर्तुगीज बोलतात हे खरे का?

पोर्तुगीजमधून जन्मलेली, पण त्यांची स्वतःची भाषा बोलतात. पोर्तुगीज गेले १७४० मध्ये, भाषा राहिली. डोंगराच्या पायथ्याच्या ख्रिस्ती वस्तीतले जेमतेम हजारभर लोक ती घरात बोलतात. अभ्यासक तिला क्रिओल म्हणतात, गावकरी 'आपली भाषा' अशा अर्थाने 'नो लिंग'. शब्द पोर्तुगीज मुळाचे, पण तीनशे वर्षे मराठीच्या शेजारी राहिल्याने वाक्याची ठेवण मराठीसारखी, क्रियापद शेवटी. आणि देवघेव एकतर्फी नाही. आपली चावी, पगार, पाव, काजू हे पोर्तुगीजांकडूनच आले.

गावकरी मराठी उत्तम बोलतात. "जरा तुमची भाषा बोलून दाखवा" असे म्हणत मोबाइल पुढे करू नका. दुकानात काही घ्या, चर्चजवळ सावलीत बसा, घराघरांतून हाका ऐकू येतात.

बेने इस्रायलांची ठिकाणे याच वाटेवर आहेत ना?

हो. बेने इस्रायल म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. त्यांच्या परंपरेनुसार नवगावच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि सात जोडपी वाचली. नवगावला त्यांचे स्मारक आणि जुनी दफनभूमी आहे. अलिबागला मागेन अबोथ आणि रेवदंड्याला बेथ एल ही सिनेगॉग, म्हणजे त्यांची प्रार्थनामंदिरे. ही मंडळी घाण्यावर तेल गाळायची आणि शनिवारी घाणा बंद ठेवायची, म्हणून शनवार तेली. आडनावे किहीमकर, पेणकर, नवगावकर, रोहेकर. बहुतेक कुटुंबे इस्रायलला गेली, पण मराठी सोबत घेऊन गेली. त्यांचा मलिदा पोहे, खोबरे आणि गोडाचा, एलियाहू नबीच्या नावाने. अलिबागजवळच्या खंडाळ्याला नबीच्या रथाची खूण मानलेला खडक आहे आणि परदेशातून आलेले लोक आजही तिथे मलिदा करतात. सिनेगॉग बघायचे तर शनिवार टाळा आणि डोके झाका.

जेवायचे कुठे, काय?

नागाव-चौलच्या घरगुती खानावळींत सकाळीच सांगून ठेवा, एक-दीडला ताट तयार मिळते. तिसऱ्या, बोंबील, कोळंबी, शाकाहारी असाल तर वालाचे बिरडे आणि आंबोळी. थंडीत शेतावर पोपटी लागते. वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजतात, त्या वासाला पर्याय नाही. फेब्रुवारीनंतर रस्त्याकडेला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा दिसतात. भौगोलिक मानांकन मिळालेला हा कांदा भाताच्या काढणीनंतर लावतात. गोडसर आहे, कच्चा खा.

मुलांनी शंख-शिंपले गोळा केले तर चालेल का?

रिकामे, मूठभर. उचलण्याआधी उलटून बघा, बऱ्याच शंखांत साधू खेकडा राहत असतो. कुलाब्याच्या वाटेवरच्या खडकांत पाणी साचते, तिथे मुलांना दहा मिनिटे नुसते उकिडवे बसवा. हलत नाही म्हणता म्हणता सगळे हलू लागते. वाळूवरच्या त्या बारीक गोळ्यांची नक्षीही खेकड्यांची. वाळूतले खाणे गाळून उरलेली वाळू ते गोळी करून टाकतात. साळावच्या पुलाखाली चिखलात निवट्या मासे उड्या मारताना दिसतात, आणि काठाने तिवरे. तिवराची पाने चाटून बघा, मीठ लागते. झाड तेच बाहेर टाकते.

पावसाळ्यात?

गेटवेच्या बोटी बंद असतात, कुलाब्याची वाट धोक्याची. मासेमारीवरही जून-जुलैत बंदी असते. चौलची देवळे, सासवण्याचे शिल्पकार करमरकरांचे संग्रहालय आणि पावसातल्या वाड्या एवढाच बेत करा. पाण्यात उतरू नका.

त्याच दिवशी जंजिराही होईल का?

होणार नाही. मुरूडला मुक्काम करा.

परतीची बोट चुकू नये म्हणून कोर्लई किती वाजता सोडावे?

सकाळी उतरतानाच मांडव्याच्या धक्क्यावर शेवटच्या बोटीची वेळ विचारून घ्या, ती ऋतूप्रमाणे बदलते. कोर्लईहून मांडवा सुमारे ४५ किलोमीटर. त्या वेळेच्या दोन तास आधी डोंगर उतरलेले असा, रविवार असेल तर अडीच. वेळ कमी पडतोय असे दिसले तर दत्ताची टेकडी सोडा, रेवदंड्याची पुळण सोडा, पण चौलच्या पुष्करणीजवळची अर्धी दुपार कापू नका.